श्वासाचा ताळेबंद : सीओपीडीची तीव्रता आणि तिचे व्यवस्थापन

साठी ओलांडलेल्या गृहस्थांना जिना चढताना दम लागू लागला, की घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते : "आता वय झाले." मग माडीवरच्या गोदामात जाणे थांबते. सकाळी मंदिरात चालत जाण्याऐवजी रिक्षा सांगितली जाते. मालाची पाहणी मुलगा करू लागतो आणि वडील गल्ल्याजवळच्या गादीवर स्थिरावतात. ही सारी तडजोड इतक्या संथपणे घडते, की ती कोणाच्याच ध्यानात येत नाही; स्वतः रुग्णाच्याही नाही. खोकला जुनाच असतो, कफ रोजचाच असतो. पुढे एखाद्या हिवाळ्यात साध्या सर्दीचे निमित्त होते, रुग्ण थेट अतिदक्षता विभागात दाखल होतो आणि फुप्फुसांची निम्म्याहून अधिक क्षमता पूर्वीच गेलेली आहे, हे कुटुंबाला त्या दिवशी प्रथम कळते.

या विकाराचे नाव 'क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज', म्हणजेच सीओपीडी. श्वसनमार्गातील दीर्घकालीन अवरोध, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३५ लाख माणसे या रोगाने दगावली आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रम चौथा लागला. आपल्या देशातील चित्र अधिक चिंताजनक आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १९९० साली या रोगाचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ पर्यंत ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेली. एवढा मोठा रोग असूनही मधुमेह आणि रक्तदाब यांच्याप्रमाणे तो घरोघरच्या बोलण्यात आलेला नाही.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खातेवही लिहिली गेली, त्यांना या रोगाची तीव्रता समजून घेणे अवघड वाटू नये. पेढीची खरी स्थिती जाणून घेताना तीन गोष्टी पाहिल्या जातात : भांडवल किती शिल्लक आहे, रोजचा व्यवहार कितपत चालतो आणि अचानक मोठे नुकसान वर्षातून किती वेळा सोसावे लागते. सीओपीडीची तीव्रताही याच तीन प्रश्नांनी मोजली जाते. यांपैकी एकच खाते पाहून निष्कर्ष काढला, तर ताळेबंद चुकतो आणि उपचारही चुकतात.

रोगाचे स्वरूप

नाकातून आत गेलेली हवा श्वासनलिकेच्या अनेक शाखा-उपशाखांतून अखेर अतिसूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचते. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे कोट्यवधी वायुकोश असतात. तेथे प्राणवायू रक्तात मिसळतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. वर्षानुवर्षे धूर आणि धूळ आत जात राहिली, की दोन प्रकारची हानी होते. नलिकांचे अस्तर सुजते, कफ अधिक तयार होतो आणि हवेची वाट अरुंद होते. यास दीर्घकालीन ब्रॉन्कायटिस म्हणतात. सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने कफासह खोकला राहिल्यास हे निदान केले जाते. दुसऱ्या प्रकारात वायुकोशांच्या भिंती झिजून फाटतात आणि फुप्फुसांची लवचिकता नष्ट होते. त्याचे नाव एम्फिसीमा. बहुतेक रुग्णांत हे दोन्ही प्रकार कमी-अधिक प्रमाणात एकत्र आढळतात.

या हानीचा परिणाम असा, की आत घेतलेली हवा पुरतेपणी बाहेर पडत नाही. गोदामातील जुना माल उठला नाही, तर नवा माल उतरवून घेण्यास जागा उरत नाही. तसेच जुनी हवा छातीत अडकून राहते आणि ताज्या हवेला वाव मिळत नाही. भरभर चालताना किंवा जिना चढताना श्वास सोडण्यास वेळ कमी मिळतो, अडकलेली हवा वाढत जाते आणि म्हणूनच श्रमाच्या वेळी दम अधिक लागतो.

दमा आणि सीओपीडी यांची गल्लत नेहमी होते. दमा बहुधा लहान वयात सुरू होतो, त्याचे झटके येतात आणि मधल्या काळात रुग्णाचा श्वास जवळपास पूर्ववत होतो. सीओपीडी सामान्यतः चाळिशीनंतर दिसू लागतो, त्रास हळूहळू वाढतो आणि औषध घेऊनही नलिकांतील अवरोध पूर्णपणे दूर होत नाही. काही रुग्णांत दोन्ही विकार एकत्र असतात. दोहोंची औषधयोजना वेगळी असल्याने नेमके निदान होणे आवश्यक ठरते.

धूर केवळ तंबाखूचा नसतो

'आमच्या घरात कोणी विडी-सिगारेटला शिवत नाही, मग हा रोग कसा होईल?' असा प्रश्न व्यसनांपासून दूर राहिलेल्या कुटुंबांत हमखास विचारला जातो. डॉ. संदीप साळवी आणि डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी सुमारे २५ ते ४५ टक्के व्यक्तींनी कधीही धूम्रपान केलेले नसते, असे दाखवून दिले होते. डॉ. साळवी यांचे या विषयावरील पुष्कळ संशोधन पुण्यात झालेले आहे. वर उल्लेख केलेल्या २०१८ सालच्या अभ्यासानेही भारतातील सीओपीडीच्या भारापैकी सुमारे ५४ टक्के भार वायुप्रदूषणाशी, सुमारे २५ टक्के तंबाखूशी आणि सुमारे १६ टक्के व्यवसायातील धूळ-धुराशी जोडला आहे.

घरातील प्रदूषणात चुलीचा धूर अग्रस्थानी येतो. आज सत्तरीत असलेल्या अनेक मातांनी तरुणपणी लाकूड, गोवऱ्या आणि कोळशाच्या धुरात दररोज तासन्‌तास स्वयंपाक केला. गॅस येऊन कित्येक वर्षे लोटली, तरी त्या काळात झालेली हानी फुप्फुसांत शिल्लक राहते. त्यांना दम लागतो तेव्हा वजन, गुडघे किंवा हृदय यांच्याकडे बोट दाखवले जाते आणि फुप्फुसांची तपासणी मागे राहते.

बंद खोलीतील मच्छरची कॉइल हा दुसरा दुर्लक्षित स्रोत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मलेशिया व चीनमधील कॉइल तपासण्यात आल्या. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे त्यात आढळले. अगरबत्ती आणि धूप यांचा धूरही फुप्फुसांच्या दृष्टीने धूरच असतो. ज्या घरात श्वासाचा रुग्ण आहे, तेथे बंद देवघरात धूप जाळू नये, इतकी काळजी सहज घेता येते.

व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा दुकानाच्या हवेचा आहे. आडतीवर चाळले जाणारे धान्य, हळद व मिरचीची पोती भरलेली गोदामे, निपाणीसारख्या गावांतील तंबाखूच्या वखारी, इचलकरंजी आणि सोलापूर येथील यंत्रमागांचे कारखाने, या सर्व ठिकाणी सूक्ष्म धूळ दिवसभर तरंगत असते. त्या हवेत मालकाबरोबर दिवाणजी, हमाल आणि तोलणारेही श्वास घेतात. किंबहुना पोते उचलणाऱ्या हमालाच्या फुप्फुसांत मालकापेक्षा अधिक धूळ जाते. गोदामाला समोरासमोर झरोके, धूळ बाहेर फेकणारे पंखे, झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा आणि कामगारांना चांगले मुखपट्टे ही खर्चाची बाब असली, तरी तो खर्च सार्थकी लागणारा आहे. पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग आणि बालपणी वारंवार झालेले छातीचे आजार हीदेखील या रोगाची ज्ञात कारणे आहेत.

पहिले खाते : फुप्फुसांचे भांडवल

सीओपीडीचे निश्चित निदान स्पायरोमेट्री या चाचणीने होते. रुग्णाने छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीतून पूर्ण जोराने, शक्य तितका वेळ सोडत राहायचा, इतकीच ही चाचणी आहे. त्यानंतर श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन सुमारे १५ ते २० मिनिटांनी ती पुन्हा करतात. सुई टोचावी लागत नाही आणि उपाशी राहण्याचीही आवश्यकता नसते. छातीचा एक्स-रे रोगाच्या आरंभी अगदी सामान्य दिसू शकतो. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला, एवढ्यावर समाधान मानू नये. दम लागतो म्हणून ईसीजी आणि टूडी-इको तत्परतेने केले जातात, पण स्पायरोमेट्री राहून जाते, असे अनेकदा घडते.

या यंत्राचा इतिहास व्यापारी वाचकांना रंजक वाटेल. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या श्वासाचे मोजमाप प्रसिद्ध केले आणि स्पायरोमीटर हे यंत्र जगापुढे आणले. आयुर्विमा कंपन्यांना विमेदाराच्या प्रकृतीचा अंदाज घेण्यासाठी ते उपयोगी पडेल, असा त्याचा आग्रह होता. माणूस पूर्ण श्वासात किती हवा बाहेर टाकू शकतो, यावरून त्याच्या आयुष्याचा अदमास येतो, हे त्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच ताडले होते.

अहवालातील दोन आकडे महत्त्वाचे. पूर्ण श्वासात बाहेर पडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हे पहिला आकडा सांगतो. औषध दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिले, तर नलिकांत अवरोध आहे असे मानतात. दुसरा आकडा एफईव्ही-१ या नावाने येतो. पहिल्या सेकंदातील ही हवा त्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती टक्के आहे, हे तो सांगतो. ८० टक्के किंवा अधिक असल्यास पहिली, म्हणजे सौम्य श्रेणी; ५० ते ७९ टक्के असल्यास दुसरी, मध्यम; ३० ते ४९ टक्के असल्यास तिसरी, तीव्र; आणि ३० टक्क्यांहून कमी असल्यास चौथी, अतितीव्र श्रेणी. 'गोल्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने ही वर्गवारी रूढ केली आहे.

दुसरे खाते : रोजचा व्यवहार

समान एफईव्ही-१ असलेल्या दोन रुग्णांपैकी एक बाजारात फिरून येतो आणि दुसऱ्याला अंघोळ करताना धाप लागते, असे प्रत्यक्षात दिसते. त्यामुळे दम लागण्याची श्रेणीही स्वतंत्रपणे नोंदवली जाते. तिचे पाच टप्पे आहेत.

शून्य : केवळ जोरदार श्रम केल्यासच दम लागतो.
एक : सपाट रस्त्यावर घाईने चालताना किंवा लहानसा चढ चढताना दम लागतो.
दोन : सपाट रस्त्यावर समवयस्कांपेक्षा हळू चालावे लागते, किंवा स्वतःच्या गतीने चालतानाही मध्येच थांबावे लागते.
तीन : सुमारे शंभर मीटर किंवा काही मिनिटे चालल्यावर थांबावे लागते.
चार : दम इतका, की घराबाहेर पडता येत नाही, किंवा कपडे बदलतानाही धाप लागते.

दोन किंवा त्यापुढची श्रेणी असल्यास लक्षणे लक्षणीय मानली जातात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रुग्णाला "दम लागतो का?" असे विचारले, तर तो बहुधा "नाही" म्हणतो, कारण दम लागेल असे प्रत्येक काम त्याने आधीच सोडून दिलेले असते. योग्य प्रश्न असा : दोन वर्षांपूर्वी करत असलेली कोणती कामे आज होत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर रुग्णापेक्षा पत्नी, सून किंवा दुकानातील जुना नोकर अधिक अचूक देऊ शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील एक जाणती व्यक्ती बरोबर असावी.

तिसरे खाते : अचानक येणारे नुकसान

काही दिवसांत दम, खोकला आणि कफ नेहमीपेक्षा बराच वाढतो, त्यास रोगाचा प्रकोप म्हणतात. विषाणूंचा किंवा जिवाणूंचा संसर्ग आणि वाढलेले प्रदूषण ही त्याची नेहमीची कारणे. प्रत्येक मोठा प्रकोप फुप्फुसांच्या भांडवलातून काही भाग कायमचा काढून नेऊ शकतो, आणि ज्याला एकदा प्रकोप झाला त्याला तो पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो. वर्षभरात एकदा जरी या कारणाने रुग्णालयात राहावे लागले असेल, तरी रुग्ण अधिक जोखमीच्या गटात धरला जातो. मग त्याचा एफईव्ही-१ कितीही समाधानकारक असो. मागील वर्षी किती वेळा प्रतिजैविके किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, याची तारखांसह नोंद घरात ठेवली, तर डॉक्टरांना उपचार ठरवताना तिचा फार मोठा उपयोग होतो.

पहिला उपचार : गळती थांबवणे

इंग्लंडमधील चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील नोकरदार पुरुषांचा आठ वर्षे अभ्यास करून १९७७ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. निरोगी माणसाचीही फुप्फुसांची क्षमता वयानुसार थोडी थोडी घटते. धूम्रपानाचा ज्यांच्यावर परिणाम होतो, त्यांच्यात ही घट कितीतरी वेगाने होते. मात्र धूम्रपान सोडले, की गेलेली क्षमता परत येत नसली तरी पुढील घटीचा वेग निरोगी माणसाच्या जवळपास येतो. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर बुडालेली रक्कम वसूल होत नाही, परंतु पुढची गळती थांबते आणि उरलेल्या भांडवलावर पुष्कळ वर्षे व्यवहार चालू शकतो. त्यामुळे 'आता या वयात सोडून काय उपयोग?' या विचाराला आधार उरत नाही. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

धूम्रपान न करणाऱ्या रुग्णानेही आपल्या धुराचा आणि धुळीचा स्रोत शोधून तो बंद करावा. दिवाळीपूर्वीची दुकानाची झाडलोट, उन्हाळ्यातील मसाल्याचे कांडप आणि फटाक्यांचे दिवस या काळात रुग्णाला त्या जागेपासून दूर ठेवावे.

इनहेलरविषयीचे गैरसमज

'पंप एकदा लागला की सुटत नाही', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' अशा समजुतींमुळे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे केवळ गोळ्यांवर राहतात. वस्तुतः इनहेलरमधील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते. गोळी पोटातून रक्तात जाऊन सर्व शरीरभर फिरते, म्हणून तिची मात्रा कितीतरी अधिक लागते आणि दुष्परिणामही वाढतात. इनहेलरचे व्यसन लागत नाही. रोग दीर्घकालीन असल्यामुळे औषधही दीर्घकाळ घ्यावे लागते, इतकेच.

सीओपीडीत मुख्य भर श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणाऱ्या औषधांवर असतो. दोन प्रकारची अशी औषधे एकत्रही दिली जातात. इनहेलरमधील स्टेरॉइड प्रत्येक रुग्णाला लागत नाही. वारंवार प्रकोप होणारे आणि रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढलेले रुग्ण यांना त्याचा लाभ अधिक होतो. साध्या रक्ततपासणीत हा आकडा कळतो. ते औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, अन्यथा तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. रात्री तोंडात पाणी न घेण्याचा नियम पाळणाऱ्यांनी सायंकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. दिवसातून एकदाच घ्यावी लागणारी औषधेही उपलब्ध आहेत.

औषध उत्तम असूनही गुण येत नसेल, तर बहुधा दोष पद्धतीत असतो. फवारा उडवणाऱ्या पंपात आधी पूर्ण श्वास सोडून, मग सावकाश आणि खोल श्वास घेत फवारा दाबायचा आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. हाताची आणि श्वासाची वेळ जुळत नसल्यास स्पेसर नावाची नळी जोडावी. पूड असलेल्या इनहेलरमध्ये याउलट जोराने आणि वेगाने श्वास ओढावा लागतो. प्रत्येक भेटीत रुग्णाने आपली पद्धत डॉक्टरांना किंवा परिचारिकेला करून दाखवावी. 'दम्यावरची खात्रीची पुडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या चूर्णांपासून मात्र दूर राहावे. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे तात्पुरता आराम वाटतो आणि हाडे, साखर व रक्तदाब यांची हानी होते.

लस, व्यायाम आणि आहार

फ्ल्यूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार घेतल्यास प्रकोप आणि गंभीर संसर्ग यांचा धोका घटतो. औषधांइतकेच मोल व्यायामाला आहे. दम लागतो म्हणून बसून राहिले, की पायांचे स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो आणि दम आणखी वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सहा ते आठ आठवड्यांचा श्वसन-पुनर्वसन कार्यक्रम आखला जातो. तशी सोय नसेल तेथे डॉक्टरांच्या अनुमतीने दररोज ठरावीक अंतर चालणे आणि ते हळूहळू वाढवणे, एवढे तरी करता येते. धाप लागल्यास नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतात तसे ओठ मिटत आणून, दुप्पट वेळ लावून सावकाश सोडावा. अडकलेली हवा त्यामुळे बाहेर पडण्यास मदत होते.

या रोगात वजन आपोआप घटणे हे शुभलक्षण मानू नये. स्नायू झिजत असल्याची ती खूण असते. शाकाहारी घरांत डाळी, दूध, दही, ताक, पनीर आणि शेंगदाणे यांतून प्रथिने मिळू शकतात. एकाच वेळी पोटभर जेवल्याने श्वासपटलावर दाब येतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांनी रुग्णासाठी दिवसभरात चार-पाच वेळा थोडे थोडे खाण्याची व्यवस्था ठेवावी. पर्युषणात किंवा अन्य व्रतकाळात इनहेलर बंद ठेवणे आणि पाण्याविना दीर्घ उपवास करणे, हे मध्यम किंवा तीव्र अवस्थेतील रुग्णास धोक्याचे ठरू शकते. व्रताचा संकल्प करण्यापूर्वीच डॉक्टरांचे मत घ्यावे आणि ते गुरुमहाराजांसमोर मोकळेपणाने मांडावे.

प्राणवायू : औषध म्हणून

कोविडच्या काळात अनेक घरांत ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. त्यांच्या वापराविषयी मात्र गैरसमज कायम आहेत. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, रक्तातील प्राणवायू फार कमी असलेल्या रुग्णांनी दिवसातून किमान १५ तास प्राणवायू घेतल्यास त्यांचे आयुष्य वाढते, असे दिसले. स्थिर प्रकृतीतही विश्रांतीच्या वेळी प्रमाण ८८ टक्के किंवा त्याहून कमी राहणाऱ्या रुग्णांना आज असा दीर्घकालीन प्राणवायू सुचवला जातो. याउलट घट मध्यम असलेल्या रुग्णांना घरच्या प्राणवायूने आयुष्यमानात किंवा रुग्णालयवारीत लाभ होत नाही, असे २०१६ सालच्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले. दम लागणे आणि प्राणवायू कमी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यंत्राचा प्रवाह आपल्या मनाने वाढवणे धोक्याचे असते. तीव्र सीओपीडीच्या काही रुग्णांत अतिरिक्त प्राणवायूमुळे रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचतो, गुंगी येते आणि प्रसंगी जीव धोक्यात येतो. प्रकोपाच्या वेळी डॉक्टर साधारणपणे ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य ठेवतात, ते याच कारणाने. 'शंभर टक्के' दिसेपर्यंत बटण फिरवणाऱ्या नातलगांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तसेच प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत समई, निरांजन, अगरबत्ती किंवा काडेपेटी कदापि असू नये. आग भडकण्याचा धोका मोठा असतो.

कुटुंबाने काय करावे

कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, कफ वाढला किंवा दम नेहमीपेक्षा अधिक लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. ओठ किंवा नखे निळसर होणे, वाक्य पूर्ण बोलता न येणे, पायांवर नवी सूज येणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा अवेळी गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सणासुदीचा हंगाम, मार्चअखेरचे हिशेब किंवा घरातील लग्न या कारणांनी दोन-तीन दिवसांचा विलंब होतो आणि तोच महागात पडतो. प्रकोपात काय करावे, हे प्रकृती चांगली असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत दुकानातही ठेवावी.

आर्थिक बाजूही वेळीच पाहावी. आरोग्य विमा घेताना सीओपीडीचे निदान लपवले, तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. विमा नियामकाच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला गेला आहे. म्हणून आजार प्रामाणिकपणे नोंदवून पॉलिसी घ्यावी आणि तिचे नूतनीकरण एकदाही खंडित होऊ देऊ नये.

दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन पाळला जातो. समाजाच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर यांबरोबर स्पायरोमेट्रीचाही अंतर्भाव करण्यास हे निमित्त पुरेसे आहे. चाळिशी ओलांडलेल्या ज्या व्यक्तीला महिनोन्‌महिने खोकला वा कफ आहे, चालताना दम लागतो, जिने आयुष्याची काही वर्षे चुलीपुढे, धुळीच्या गोदामात किंवा तंबाखूच्या सहवासात काढली आहेत, अशा प्रत्येकाची ही चाचणी एकदा तरी व्हावी. चाचणीनंतर अहवाल, दम लागण्याची श्रेणी आणि वर्षभरातील प्रकोपांची संख्या या तिन्ही नोंदी एकाच वहीत लिहाव्यात आणि दर सहा महिन्यांनी त्यांची मागील नोंदींशी तुलना करावी. हिशेब वेळेवर पाहणाऱ्याला तोटा आरंभीच दिसतो, आणि आरंभी दिसलेला तोटा आवरता येतो.